पिवळ्या जर्सीची डावी बाही

कॉलेजची फुटबॉलची मॅच मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. सव्वीस वर्षं मुलांबरोबर मैदानावर जात होते, पण माझी जागा कनातीच्या आड. तिथं बसून मोसंब्या कापायच्या, मीठ-साखरेचं पाणी कालवायचं, फाटक्या मोज्याला टाका घालायचा. अर्ध्या चड्डीतल्या पोरांकडे टक लावून बघायची मला लाज वाटायची, म्हणून मैदानाकडे पाठ करून बसायचे. ओरडा झाला की गोल झाला एवढं कळायचं. आपला की त्यांचा, ते कुठल्या बाजूचे ओरडतात त्यावरून. पण कोण कसा खेळला हे मला दुसऱ्या दिवशी धुण्याच्या हौदावर कळायचं, आणि बघणाऱ्यांपेक्षा चांगलं कळायचं.

आम्ही परीट. माझा बाप खाम नदीवर धुणं धुवायचा. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्याच्या हाताखाली गेले. तो सांगायचा, आधी कपडा वाचायचा, मग भिजवायचा. रक्ताला गार पाणी, तेलाला सोडा, हळदीला ऊन. घाईनं सगळं एकदम गरम पाण्यात टाकलं की रक्त कपड्यात शिजतं आणि जन्मभर निघत नाही. लग्न होऊन आले तो नवरा कॉलेजात शिपाई. तो गेल्यावर प्रिन्सिपॉल साहेबांनी मला जिमखान्यात रोजंदारीवर घेतलं. काम असं की संघाचे कपडे धुवायचे, शिवायचे, चेंडूला हवा भरायची, कातड्याला एरंडेल लावायचं, चेंडूची वादी, म्हणजे कातडी नाडी, आत दाबून बांधायची. वादीचं टोक बाहेर राहिलं तर डोक्यानं चेंडू मारणाऱ्याचं कपाळ फाटतं. माझ्या हातच्या चेंडूनं कुणाचं कपाळ फाटलं नाही.

बोलायचं काम नव्हतं, म्हणून मला ते काम आवडलं. जिमखान्याच्या सोनवणे सरांनी पहिलं वर्षभर मला मुकी समजून हातवारे केले. मीही करू दिले. हातवारे करणारा माणूस कमी कामं सांगतो.

आमच्या संघाची जर्सी मरून रंगाची. चिखल मरूनवर नीट वाचता येतो. बचाव करणारा घसरून चेंडू काढतो, त्याची एक मांडी आणि एक कोपर भरतं. डोक्यानं खेळणाऱ्याच्या जर्सीवर पाठीला दुसऱ्याच्या हाताचे पंजे उमटलेले असतात. नुसतं पडायचं सोंग करणाऱ्याची फक्त बैठक भरते. आणि ज्याचे मोजे पांढरे परत येतात तो मैदानावर पाहुणा होता असं समजायचं. मी हे कुणाला सांगत नव्हते. पण हबीब, आमचा कॅप्टन, फार चौकस. शहागंजकडचा पोरगा, वडलांचं सायकलीचं दुकान. तो हौदावर येऊन उभा राहायचा. "मावशी, माझी जर्सी काय बोलते?" मी बोट दाखवायचे. "आणि शिंद्याची?" मी काही न दाखवता ती तशीच दोरीवर टाकायचे, म्हणजे धुवायची गरज नाही. हबीब हसून हसून खाली बसायचा.

हे शिंद्याला कळलं. तो पुढं खेळायचा, सगळ्यात देखणा, केस कधी विस्कटले नाहीत. पुढच्या मॅचनंतर त्याची जर्सी आली ती चिखलानं बरबटलेली. मी हातात घेतली आणि पुन्हा बाजूला ठेवली. मैदानाचा चिखल काळा, गवताच्या काड्यांचा. हा चिखल तांबूस होता आणि त्यात कडुनिंबाचा पाला. कडुनिंब जिमखान्याच्या नळापाशी. मॅच संपल्यावर गडी नळापाशी लोळून आला होता. मी पाल्याची एक काडी जर्सीच्या खिशावर टोचून ठेवली आणि त्याला परत दिली. त्यानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर तो खरंच पळायला लागला.

असं दोन-चार वेळा झालं की माणसाला स्वतःच्या नजरेचा गर्व चढतो. परटाचा स्वभाव मुळात संशयी. प्रत्येक डागाला विचारायचं, तू कुठून आलास. मला ती सवय माणसांवरही लागली होती. साबणाचा विक्रेता जास्त गोड बोलला की मी वडी नखानं खरवडून बघायचे. सरांनी चहा पाजला की मला वाटायचं, आता काहीतरी अंगावर येणार. ही वृत्ती चांगली नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या एका हंगामापर्यंत तिनं कुणाचं वाईट केलं नव्हतं.

दुष्काळ सरून नीट पाऊस झाला, त्या सालची गोष्ट. मैदानावर गवत आलं, हौदाला पाणी आलं, आणि आमचा संघ जिंकायला लागला. त्याला कारण रंगनाथ. अजिंठ्याजवळच्या एका वाडीचा पोरगा, घरी कोरडवाहू शेती, हॉस्टेलला राहायचा. उंच, हाडकुळा, हात गुडघ्याला लागतील असे. तो गोलकीपर. गोलकीपरची जर्सी वेगळी असते, आमची पिवळी होती. तिच्या कोपरांना आणि कमरेला मी गोधडीसारखे दोन-तीन पदर टाचून दिले होते, म्हणजे पोरगं दगडावर पडलं तरी सोलवटू नये. रंगनाथ ती जर्सी दोन्ही हातांनी घ्यायचा, प्रसाद घेतात तशी. "मावशी, तुमची गोधडी अंगावर असली की पडायचं भ्या वाटत नाय," म्हणायचा. मॅचच्या दिवशी ट्रंकेतून पहिली जर्सी गोलकीपरची निघायची, मग बाकीच्यांची. ही आमच्याकडची रीत. ती पिवळी जर्सी धुताना मला बरं वाटायचं. दोन्ही बाजू सारख्या मळलेल्या. डावीकडे पडलाय, उजवीकडे पडलाय, कुठं हात आखडला नाही.

रंगनाथला पुढं काय पाहिजे ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंतिम मॅचला विद्यापीठाचे निवड करणारे येणार होते. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं की खेळाडू म्हणून पोलिसात जागा मिळायची आशा. नाहीतर परीक्षा झाली की गावी परत, बापाच्या मागं शेतात. तो हे मला सांगायचा, कारण मी उलट काही बोलत नव्हते.

चौथ्या मॅचला आम्ही कसेबसे जिंकलो. दोन गोल खाल्ले, दोन्ही रंगनाथच्या डाव्या हाताला, असं पोरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी हौदावर पिवळी जर्सी उलगडली तर उजवं कोपर चिखलानं गच्च आणि डावी बाही कोरी. मी उलटीपालटी केली. डावीकडची कमरेची पट्टीसुद्धा कोरी. म्हणजे साडेतीन-पावणेचार हात रुंद उडी मारणारं पोरगं डावीकडे एकदाही पडलं नव्हतं.

एखाद्या दिवशी होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. त्या दिवशी आणखी एक झालं. घाईत मी पिवळी जर्सी मरून कपड्यांच्याच टबात भिजवली होती. साबण लावला तर डाव्या खांद्यावर तांबूस डाग. मरूनचा रंग पिवळ्याला लागला! परटाच्या पोरीच्या हातून रंग लागावा? मी तो डाग कुणाला दिसू नये म्हणून जर्सी जिमखान्याच्या मागच्या बाजूला, गच्चीवर वाळत घातली. दोन उन्हात डाग उतरला. मी सुटले.

पाचव्या मॅचला पुन्हा तेच. एक गोल, डाव्या हाताला. डावी बाही कोरी. यावेळी मी जर्सी वेगळी भिजवली होती, तरी साबण लावल्यावर खांद्यावर तांबूस छटा आली. मला वाटलं, मागचाच रंग कपड्यात मुरलाय आणि वर येतोय. माझीच चूक होती असं धरून चालले, म्हणून त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पोरं कुजबुजायला लागली होती. मोजे गोळा करताना माझ्या कानावर यायचं. "रंग्याला काय झालंय रे?" "त्याला काय होतंय? डावीकडं चेंडू आला की पुतळा व्हतो." शिंदे म्हणाला, "दुसऱ्या कॉलेजानं त्याला विचारलंय म्हणं. पुढच्या वर्षी तिकडं, हॉस्टेल फुकट." त्या काळात असं चालायचं. चांगला खेळाडू दिसला की दुसरं कॉलेज त्याला ओढायचं. आणि अंतिम मॅच कुणाबरोबर होती, तर त्याच कॉलेजाबरोबर.

मी आता रंगनाथला बघायला लागले. जर्सी देताना तो एकाच हातानं घेतो, उजव्या. दोन्ही हातांनी घेणारा पोरगा एका हातानं, उर्मटासारखा. गोधडीचं बोलणं बंद. माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. अंगाला कसलातरी उग्र वास, तेलाचा. मला वाटलं, नवीन चैन सुरू झाली.

अंतिम मॅचला चार दिवस होते. मी गुलमंडीला दोरा आणि बटणं आणायला गेले होते. कापडाच्या दुकानाशेजारच्या बोळातून रंगनाथ बाहेर आला, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात टाकून कोण, तर वाहेद. समोरच्या संघाचा कॅप्टन. दोघं हळू आवाजात बोलत होते. वाहेद म्हणाला, "कल फिर आना, भूलना नक्को." रंगनाथनं मला बघितलं आणि मान दुसरीकडे केली. मी बटणं न घेताच परत आले.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून हौदावर आला. "मावशी, काल मामाकडं गेल्तो. पैठण गेटला." मी विचारलंही नव्हतं. न विचारता उत्तर देणाऱ्याचा मला आधीच संशय. मी मान हलवली आणि कपडा आपटत राहिले. मनात सगळं जुळलं. कोरी बाही, कुजबूज, वाहेद, खोटं. माझी नजर शिंद्याच्या वेळी चुकली नव्हती, आता कशी चुकेल?

मी सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांच्या समोर जाऊन आपणहून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. सर दचकले.

"शेवंताबाई, बरं आहे ना?"

"सर, रंगनाथ डावीकडं पडत नाय."

"म्हणजे?"

मी जर्सी टेबलावर पसरली. उजवं कोपर झिजून दोरे निघालेले, डावं नव्यासारखं. सरांनी दोन्हींवर बोट फिरवलं. मग मी गुलमंडीचं सांगितलं. त्यांच्याही कानावर कुजबूज होतीच.

"खात्री आहे तुमची?"

"कपड्याची खात्री आहे, सर."

"आणि पोराची?"

मी जर्सीची घडी घालायला लागले. पोराची खात्री नाही, असं मी म्हटलं नाही.

अंतिम मॅच छावणीकडच्या मैदानावर. मुलं कनातीत रांगेनं उभी. मी ट्रंक उघडली, रिवाजाप्रमाणे पिवळी जर्सी काढली. रंगनाथनं उजवा हात पुढं केला. सर म्हणाले, "मधुकरला द्या." मधुकर म्हणजे राखीव गोलकीपर, पहिल्या वर्षाचा, तोच घाबरून मागं सरला. रंगनाथचा हात तसाच पुढं.

"सर, माझी?"

"तू आज बस. का ते तुझ्या दोस्ताला विचार. वाहेदला."

सगळ्यांना एकदम कळलं. हबीब त्याच्याकडे बघून म्हणाला, "शरम कर रे." बाकीचे खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले, ते जास्त वाईट होतं. रंगनाथनं माझ्याकडे बघितलं. मी जर्सी मधुकरच्या हातावर ठेवली. रंगनाथ कनातीतून बाहेर पडला आणि रस्त्याच्या बाजूला निघून गेला.

मॅच सुरू व्हायला थोडा वेळ होता. मी मोसंब्या कापत होते. कनात बाजूला सारून वाहेद आत डोकावला. मोठा मोकळा पोरगा, हसरा.

"सलाम मावशी. रंगनाथ किधर है? खेळत नाही म्हणे. खांदा फिर उतर गया क्या?"

माझ्या हातातला चाकू थांबला. "खांदा?"

"अब तुमको भी नहीं बोला?" त्यानं कपाळावर हात मारला. "मेरे चाचा पहलवान हैं ना, गुलमंडीच्या मागं, हाड बसवतात. पंधरा दिवस झाले, रोज लेप लावायला येतो. डावा खांदा. प्रॅक्टिसमध्ये पडला होता. कुणाला सांगू नको बोला, सर बसवून ठेवतील, नाव लागणार नाही. मैं अपनी टीम को भी नहीं बोला, मावशी. बोललो असतो तर सगळे डावीकडेच मारले असते. ऐसा जीतना मेरे को नक्को."

"कसला लेप?" मी विचारलं. मला ते विचारायची गरज नव्हती.

"हळद, तुरटी, कुछ तेल-बिल. चाचा को मालूम."

हळद. साबण लागला की हळद लाल होते. ऊन लागलं की उतरते. मरूनचा लागलेला रंग उन्हानं उतरत नाही, कधीच नाही. हे आमच्यात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. लग्नाच्या हळदीचे कपडे मी लहानपणापासून धुतले. पिवळ्या जर्सीवर हळद दिसली नाही, साबणात लाल झाली, उन्हात गेली. दोनदा. आणि मी स्वतःची अब्रू झाकायला तो डाग गच्चीवर लपवला. रंग लागला हे माझ्याच हातून झालं असं मानायला मी तयार होते, पण एवढा विचार केला नाही की डाग खांद्यावरच, डाव्याच खांद्यावर, दोनदा का यावा. माझा बाप असता तर त्यानं मला कपडे बडवायच्या धोपटण्यानं धुतलं असतं.

सर माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. पंचांशी बोलत होते. मी उठले. पण त्यांच्याभोवती चार-पाच मोठे लोक उभे होते, कोट घातलेले. निवड करणारेच असावेत. मी पुन्हा बसले. शिट्टी झाली. मध्यंतराला मुलं मोसंबी चोखत बसली, सर अगदी शेजारी, आणि मी प्रत्येकाच्या हातात फोड देत राहिले. जीभ टाळूला चिकटली होती असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी भ्याले. चारचौघांत बोलायला भ्याले, आणि चुकले हे म्हणायला त्याहून जास्त.

आम्ही एका गोलनं जिंकलो. शिंद्यानं मारला. मधुकरकडे पूर्ण वेळात धड दोन चेंडूही आले नाहीत.

आणि मग सगळं उलटंच झालं. जिंकलो म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं. पोरं म्हणाली, मावशीनं पकडला म्हणून जिंकलो. शिंदे मला पेढा द्यायला आला. प्रिन्सिपॉल साहेबांनी बोलावून शाबासकी दिली. रंगनाथ हॉस्टेलमधून सामान घेऊन गावी गेला. कुणी म्हणालं, बघा, पळाला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. हळदीसकट. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

"बाई, तो दुखरा खांदा लपवून खेळला. तीही संघाची फसवणूकच ना?"

"व्हय सर. पण फितूर तर नाय ना."

"फितूर कोण म्हणालं? मी म्हणालो नाही." ते खरं होतं. त्यांनी फक्त वाहेदचं नाव घेतलं होतं. "जिंकलो आपण. आता उकरून काय मिळणार? तुम्हाला कायम करायचं पत्र मी वर दिलंय. मध्येच असलं काही निघालं तर..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते माझ्या भल्याचं बोलत होते की मला गप्प करत होते, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, आजही येत नाही. सर माणूस वाईट नव्हते. पण मी त्यानंतर त्यांच्या चहाला हात लावला नाही.

आठवड्यानं संघाचा फोटो होता. गुलमंडीचा फोटोवाला कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन आला. जिंकलेली ढाल मध्ये ठेवली, बाकं मांडली. मुलं जिमखान्यात आली, जर्स्या घ्यायला. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या जर्स्या लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्या पदराला. मी कपाटाला पाठ लावून उभी राहिले.

"मावशी, जल्दी, ऊन चाललंय," हबीब म्हणाला.

"पहिली जर्सी गोलकीपरची निघते," मी म्हणाले. "त्याला आणा. मग बाकीच्या."

"मधुकर हा काय उभा आहे."

"मधुकर नाय. रंगनाथ."

पोरं हसली. एक जण म्हणाला, "अरे, मावशी किती बोलायली!" मी सांगितलं. खाली बघत सांगितलं, पण सगळं सांगितलं. खांदा, पहलवान, लेप. हळद आणि मरूनमधला फरक. मी डाग लपवला ते. वाहेद मॅचच्या आधी येऊन बोलला ते, आणि मी गप्प बसले तेही.

हबीबचा चेहरा लाल झाला. "आधी तुम्हीच म्हणल्या ना, मावशी! तुमच्या भरवशावर मी त्याला शरम कर म्हणलो!"

"व्हय. मीच म्हणले. म्हणून आता मीच सांगायली. माझ्यावर भरवसा नसंल तर वाहेदला विचार."

सर दारात आले होते. "किल्ली द्या, शेवंताबाई."

"नाय सर."

आयुष्यात मी एवढं एकच मोठ्या माणसाला नाही म्हटलं असेन. सरांनी हात पुढं केला होता, तो त्यांनी हळूच मागं घेतला. फोटोवाला बाहेरून ओरडत होता. हबीब कुणाकडे न बघता सायकलवर बसला आणि गेला. तो आणि वाहेद एकाच मशिदीत नमाजाला जात, त्याला विचारायला लांब जावं लागणार नव्हतं. तासाभरानं परत आला, सायकल आडवी टाकली आणि सरांना म्हणाला, "सर, फोटो परवा. मैं अजिंठे जाता हूं."

तो दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेला आणि रंगनाथला घेऊन आला. कसा आणला, काय बोलला, ते त्यानं कधी सांगितलं नाही. शिंदे विचारत होता तर म्हणाला, "तू आपले केस बघ."

विद्यापीठाच्या संघात रंगनाथचं नाव लागलं नाही. ज्यांनी त्याला खेळताना बघितलंच नाही ते नाव कसं लावणार? पोलिसातही गेला नाही. खांदा पुढं बरा झाला, असं ऐकलं, पण तोवर परीक्षा झाली होती आणि बाप वाट बघत होता. माझं पत्र मंजूर झालं, मी कायम झाले. ते सरांनी अडवलं नाही. माझ्यामुळं एका पोराची जागा गेली आणि माझी झाली, हा हिशोब मी कुणाला सांगितला नाही, इथं लिहिते आहे.

फोटोच्या दिवशी मी कपाट उघडलं. पहिली पिवळी काढली. रंगनाथ समोर उभा होता, खांद्याला पट्टी बांधलेली. त्याला जर्सी स्वतः घालता येईना. दुखरा हात आधी घालायचा असतो, आजाऱ्याला घालतात तसा. मी डावी बाही गोळा करून त्याच्या हातावर चढवली, मग डोकं, मग उजवा हात. कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या गुंड्या लावत होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तो थोडा वेळ बाही सरळ करत राहिला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही मला विचारलं असतं तरी मी खोटंच सांगितलं असतं."

"तरी मी विचारायला पायजे होतं."

मला वाटलं, तो आता जाऊ द्या म्हणेल. मोठ्या मनाचा पोरगा होता.

"व्हय," तो म्हणाला. "विचारायला पायजे होतं." आणि जाऊन बाकावर आपल्या जागी बसला.